स्थिर भिंगाच्या कॅमेऱ्याची दृष्टी रुंद कशी होते?

दुर्बीण हाती आली की प्रत्येक मूल ती एकदा तरी उलटी धरून पाहते. समोरचा माणूस एकदम लहान आणि लांब गेलेला दिसतो. मुले हसतात आणि दुर्बीण पुन्हा सुलटी करतात. या गमतीत एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. माणूस लहान दिसतो तेव्हा त्याच्या आजूबाजूचे, सुलट्या दुर्बिणीतून न दिसणारे बरेच काही दिसू लागते. फ्लॅटच्या दाराला बसवलेली बोटाएवढी नळी याच तत्त्वावर चालते. तिच्यातून दाराबाहेरचा माणूसच नव्हे, तर जिना आणि शेजारचे दारही दिसते.

हीच उलटी दुर्बीण कॅमेऱ्यापुढे धरली तर? छायाचित्रणाच्या दुकानात ‘वाइड कन्व्हर्टर’ म्हणून जे भिंग मिळते, ते नेमके हेच असते. या लेखात आपण त्याला जोडभिंग म्हणू. ज्या कॅमेऱ्याचे भिंग काढता येत नाही, त्याची दृष्टी रुंद करण्याचा हा जुना आणि सोपा मार्ग आहे. शाळेकडे बहुधा असाच एखादा कॅमेरा असतो. वर्ग लहान, मुले साठ, आणि मागे सरकायला भिंत जागा देत नाही! अशा वेळी जोडभिंग घ्यावे का, घ्यायचे तर त्यावरच्या आकड्यावर कितपत विसंबावे, हे प्रकाशशास्त्राच्या शालेय ज्ञानावर ठरवता येते. ते कसे, हे आपण पाहू.

नाभीय अंतर आणि दृष्टिक्षेत्र

दूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगाच्या नाभीपाशी पडते. तेथे फिल्म किंवा सेन्सर असतो. सेन्सरची रुंदी ठरलेली असल्याने नाभीय अंतर जितके कमी, तितका दृश्याचा अधिक भाग त्यावर मावतो. कॅमेऱ्यांची तुलना सोपी व्हावी म्हणून ३६ मि.मी. × २४ मि.मी. ही जुन्या फिल्मची चौकट प्रमाण मानतात. या चौकटीवर ३५ मि.मी. नाभीय अंतराचे भिंग ५ मीटर अंतरावरची किती रुंदी टिपेल? समरूप त्रिकोणांवरून ३६ ÷ ३५ × ५, म्हणजे सुमारे ५.१ मीटर. २८ मि.मी.चे भिंग तेथूनच ६.४ मीटर रुंदी टिपेल. ५ मीटरवरून ६ मीटर रुंदीची भिंत पहिल्या भिंगात मावणार नाही, दुसऱ्यात मावेल.

भिंग बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात आपण ३५ चे काढून २८ चे बसवतो. स्थिर भिंगाच्या कॅमेऱ्यात ती सोय नाही. एके काळी घरोघरी असलेला आग्फा क्लिक-३ असो वा आजचा महागडा छोटा कॅमेरा, कारखान्यात बसवलेले भिंग कायमचेच. मग त्याच्या पुढे काहीतरी लावणे एवढाच उपाय उरतो.

एकटे अंतर्गोल भिंग का चालत नाही?

अंतर्गोल भिंगातून पाहिले की वस्तू लहान दिसते. मग तेच कॅमेऱ्यापुढे धरले तर काम व्हावे, असे विद्यार्थी म्हणतील. त्यांना तसे करू द्यावे. −७ नंबरच्या चष्म्याचे भिंग घेतले तर त्याचे नाभीय अंतर १०० ÷ ७, म्हणजे सुमारे १४.३ सें.मी. असते. दूरच्या झाडाची आभासी प्रतिमा या भिंगापुढे १४.३ सें.मी. अंतरावर तयार होते. कॅमेऱ्याच्या दृष्टीने झाड आता नाकासमोर येऊन उभे राहिले! बहुतेक कॅमेऱ्यांना इतक्या जवळच्या वस्तूवर नीट केंद्रीकरण करता येत नाही आणि चित्र धूसर येते.

याचाच अर्थ असा की, अंतर्गोल भिंगाने पसरवलेले किरण कॅमेऱ्यात शिरण्यापूर्वी पुन्हा समांतर व्हायला हवेत. हे काम बहिर्गोल भिंग करते. −७ च्या मागे +५ नंबरचे, म्हणजे २० सें.मी. नाभीय अंतराचे भिंग ठेवू. दोन्ही भिंगांची नाभी एकाच बिंदूत यावी म्हणून त्यांतील अंतर २० − १४.३ = ५.७ सें.मी. ठेवावे लागते. आता दूरच्या झाडाकडून समांतर आलेले किरण समांतरच बाहेर पडतात, मात्र त्यांचा अक्षाशी असलेला कोन बदललेला असतो.

१६०९ मध्ये गॅलिलिओने आकाशाकडे रोखलेल्या दुर्बिणीत पुढे बहिर्गोल आणि डोळ्यापाशी अंतर्गोल भिंग होते. आपण त्याच दुर्बिणीची तोंडे उलटी केली आहेत. तिचे विशालन म्हणजे दोन नाभीय अंतरांचे गुणोत्तर, १४.३ ÷ २० = ०.७१. नंबरांच्या भाषेत ५ ÷ ७. जोडभिंगाच्या कडेवर जो ‘०.७×’ असा आकडा छापलेला असतो, तो हाच. कॅमेऱ्याच्या नाभीय अंतराला त्याने गुणले की नवे नाभीय अंतर मिळते. ३५ चे सुमारे २५ होते.

प्रकाश कमी होतो का?

पुढे आणखी काच लावल्यावर प्रकाश कमी पडेल, अशी शंका साहजिक आहे. परंतु येथे निसर्गाचा हिशेब फार नीटस आहे. समांतर किरणांची जुडी पुढच्या भिंगात अरुंद शिरते आणि मागच्या भिंगातून रुंद होऊन निघते. कॅमेऱ्याच्या छिद्रात मावणारी जुडी बाहेर ०.७१ पट व्यासाची होती, म्हणजे प्रत्येक वस्तूकडून येणारा प्रकाश ०.७१ च्या वर्गाइतका, सुमारे निम्मा मिळतो. पण त्या वस्तूची प्रतिमाही प्रत्येक बाजूने ०.७१ पट झाल्याने तिचे क्षेत्रफळही निम्मेच असते. निम्मा प्रकाश निम्म्या जागेवर पडला, तर प्रतिमेची प्रखरता तीच राहते. म्हणून एफ/२ चे भिंग जोडभिंगासहही एफ/२ च राहते.

थोडी घट होते ती परावर्तनाने. साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो. लेप नसलेल्या दोन भिंगांचे चार पृष्ठभाग मिळून सुमारे ८५ टक्के प्रकाश पुढे जातो. परत फेकलेला प्रकाश नळीत इकडेतिकडे फिरून चित्राचा उठाव घालवतो. हे नुकसान अंधारापेक्षा अधिक जाणवते. म्हणून चांगल्या जोडभिंगाच्या प्रत्येक पृष्ठभागावर परावर्तनरोधक लेप असतो आणि नळी आतून काळी असते.

केंद्रीकरणातही एक गंमत आहे. अशा जोडणीतून वस्तूचे कॅमेऱ्याला भासणारे अंतर विशालनाच्या वर्गाने भागल्याइतके होते. ०.७१ चा वर्ग सुमारे अर्धा, म्हणून १.५ मीटरवरचा विद्यार्थी कॅमेऱ्याला सुमारे ३ मीटरवर भासतो. भिंगातून आलेली प्रतिमा पाहूनच केंद्रीकरण करणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्याला याची फिकीर नसते. परंतु वेगळ्या खिडकीतून अंतर मोजणारे जुने फिल्म कॅमेरे फसत असत. १९६६ सालच्या याशिका इलेक्ट्रो ३५ या स्थिर भिंगाच्या कॅमेऱ्यासाठी जोडभिंगे निघाली, तेव्हा चौकट दाखवणारी वेगळी छोटी खिडकीही त्याबरोबर बसवावी लागे.

आकडा खरा, पण दृष्टी रुंद नाही

आता आपण मुख्य मुद्द्याशी आलो. वर सांगितलेली −७ आणि +५ ची जोडी खरोखर बनवून कॅमेऱ्यापुढे लावली, तर काय मिळेल? गुणक ०.७१ आहे, म्हणजे दोन्ही दिशांना १.४ पट दृश्य मिळायला हवे.

कागदावर प्रमाणात आकृती काढून पाहू. ३५ मि.मी.च्या कॅमेऱ्यात चौकटीच्या कोपऱ्यात पडणारा किरण अक्षाशी सुमारे ३२ अंशांचा कोन करून छिद्रात शिरतो. छिद्रापासून २ सें.मी. पुढे आपले बहिर्गोल भिंग आहे असे धरू. तेथे हा किरण अक्षापासून १.२ सें.मी. दूर असतो. त्याचा माग घेत आणखी ५.७ सें.मी. पुढे अंतर्गोल भिंगापर्यंत गेलो, तर तेथे तो अक्षापासून ४.४ सें.मी. दूर पोहोचतो. (आम्ही येथे पातळ भिंगाचे सूत्रच वापरले आहे. त्याने अंदाज पुरेसा येतो.) याचा अर्थ पुढचे भिंग जवळजवळ ९ सें.मी. व्यासाचे हवे! चष्म्याच्या दुकानातील न घासलेली गोल काच साधारण ६.५ ते ७ सें.मी.ची असते. तेव्हा कोपऱ्यातले किरण काचेला भेटण्याऐवजी नळीच्या भिंतीला भेटतात. छायाचित्रात वर्तुळाकार चित्र आणि भोवती काळे कोपरे येतात.

त्या वर्तुळात किती दृश्य आहे? ६.५ सें.मी.च्या काचेसाठी हिशेब केला, तर पूर्ण कोन सुमारे ६५ अंश येतो. आणि मूळ कॅमेऱ्याला जोडभिंगाविना कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दिसणारा कोनही तेवढाच, सुमारे ६३ अंश होता. म्हणजे एवढा खटाटोप करून आपण दृश्य फक्त लहान केले, रुंद केले नाही. कडेवरचा ०.७१ हा आकडा अगदी खरा असूनही हाती काहीच आले नाही.

जोडभिंगाचा गुणक वस्तू किती लहान दिसेल एवढेच सांगतो. दृष्टी किती रुंद होईल, हे पुढच्या काचेचा व्यास आणि नळीची लांबी ठरवतात.

मग उपाय काय? नळी आखूड करायची. गुणोत्तर तेच ठेवून नंबर दुप्पट करू : −१४ आणि +१०. (मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात कृत्रिम भिंग बसवू लागण्यापूर्वी शस्त्रक्रियेनंतर जो जाड चष्मा लागे, तो साधारण या +१० नंबरचा असे.) आता दोन भिंगांतील अंतर १० − ७.१ = २.९ सें.मी. झाले. तोच कोपऱ्याचा किरण पुढच्या भिंगावर अक्षापासून २.७ सें.मी.वरच पोहोचतो. सुमारे ५.५ सें.मी.ची काच पुरते आणि पूर्ण चौकट भरते.

परंतु फुकट काहीच मिळत नाही. नंबर वाढला की भिंगाचे पृष्ठभाग अधिक वक्र होतात आणि त्याबरोबर दोषही वाढतात. काच निळ्या किरणांना लाल किरणांपेक्षा अधिक वळवते, त्यामुळे चित्राच्या कडेला असलेल्या खिडकीच्या गजांना निळीतांबडी किनार दिसते. यालाच वर्णविपथन म्हणतात. पुढे अंतर्गोल भिंग असल्याने चौकटीच्या कडेच्या सरळ रेषा पिंपासारख्या बाहेर फुगतात. कोपरे धूसर होतात. या दोषांवर उतारा म्हणून वेगवेगळ्या जातींच्या काचांची भिंगे एकत्र बसवावी लागतात, आणि जोडभिंग जड व महाग होते. चांगले जोडभिंग नेहमी आखूड, रुंद तोंडाचे आणि वजनदार का असते, याचे हे उत्तर आहे.

काही प्रत्यक्ष उदाहरणे

दोन भिंगांच्या रोलायफ्लेक्स कॅमेऱ्यासाठी कार्ल झाइस कंपनीने ‘म्यूटार’ नावाची जोडभिंगे काढली होती. त्यांतील रुंद दृष्टीच्या भिंगाचा गुणक ०.७ होता. फुजीफिल्मचा एक्स-१०० हा स्थिर भिंगाचा कॅमेरा २०११ मध्ये बाजारात आला. त्याचे भिंग प्रमाण चौकटीच्या हिशेबाने ३५ मि.मी.चे आहे. ०.८ गुणकाचे जोडभिंग त्याला २८ चे करते. पुढची कडी काढली की ते आट्यांवर बसते. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत ते बसवल्याचे कॅमेऱ्याला आपोआप कळते, म्हणजे रेषांचा फुगवटा कॅमेरा गणिताने दुरुस्त करू शकतो. २०१३ च्या रिको जीआर या कॅमेऱ्याचे २८ मि.मी.चे भिंग ०.७५ च्या जोडभिंगाने २१ चे होते. ही सर्व एकेका कॅमेऱ्याच्या मापाने आखलेली भिंगे आहेत. म्हणूनच ०.७ किंवा ०.८ इतक्या माफक गुणकावर ती थांबतात.

जोडभिंगाने विज्ञानाची मोठी सेवाही केली आहे. १९९९ च्या निकॉन कूलपिक्स ९५० या कॅमेऱ्याचे झूम भिंग बाहेर न येता आतल्या आत सरकत असे आणि त्याच्या तोंडाला २८ मि.मी.चे आटे होते. त्यावर बसणारे एक जोडभिंग ०.२१ गुणकाचे होते. त्याचा दृष्टिकोन १८३ अंशांचा, म्हणजे अर्ध्या गोलाहूनही थोडा अधिक होता. जंगलाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी हा कॅमेरा झाडांखाली आकाशाकडे तोंड करून ठेवला. एका चित्रात क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचे आकाश आणि त्यावरची पानांची जाळी येते. चित्रातले आकाशाचे व पानांचे ठिपके मोजले, की जमिनीपर्यंत किती उजेड पोहोचत असेल याचा अंदाज बांधता येतो. चित्र येथे वर्तुळाकार येते आणि कोपरे काळेच राहतात, पण कामाला हवी ती सगळी माहिती त्या वर्तुळात असते.

बसवताना घ्यायची काळजी

सुरू करताच ज्या कॅमेऱ्याचे भिंग मोटरने पुढे येते, त्या नळीवर जड जोडभिंग कधीही चिकटवू किंवा अडकवू नये. नळी हलवणारे दात नाजूक असतात, ते भार सोसत नाहीत. अशा कॅमेऱ्यासाठी भिंगाभोवतीच्या कडीत, म्हणजे कॅमेऱ्याच्या अंगात अडकणारी वेगळी नळी वापरतात. कॅनन पॉवरशॉट जी मालिकेतील काही कॅमेऱ्यांना ही सोय होती. भिंग आत पुढेमागे सरकते आणि जोडभिंगाचा भार बाहेरची नळी पेलते. मात्र ही नळी जितकी लांब, तितके जोडभिंग छिद्रापासून दूर जाते आणि कोपरे काळे होण्याची भीती वाढते. वेगवेगळ्या मापांचे आटे जोडणाऱ्या कड्या एकावर एक चढवल्या, तरी हेच होते. जोडभिंग कॅमेऱ्याच्या भिंगाच्या शक्य तितके जवळ असावे, पण काचेला काच लागू नये.

छायाचित्र घेताना शक्यतो छिद्र एफ/५.६ किंवा एफ/८ एवढे लहान करावे. कडा सुधारतात.

घ्यावे की न घ्यावे?

मागे सरकता येत असेल, तर सरकणे हाच उत्तम उपाय. दृश्य हलणारे नसेल, उदाहरणार्थ भिंतीवरचे चित्र किंवा डोंगररांग, तर एकाच जागी उभे राहून तीन-चार छायाचित्रे घ्यावीत आणि संगणकावर जोडावीत. जोडभिंगापेक्षा त्यात तपशील अधिक मिळतो, कारण रुंद चित्रात प्रत्येक वस्तूच्या वाट्याला सेन्सरचे कमी ठिपके येतात. परंतु खोली लहान आहे आणि मुले हलत आहेत, अशा ठिकाणी एका क्षणात सगळे टिपणारे जोडभिंगच कामी येते.

विकत घेण्यापूर्वी तीन चाचण्या कराव्यात.

१. जोडभिंग दुकानात डोळ्यापाशी धरून दूरच्या पाटीकडे पाहावे. पाटी लहान पण स्पष्ट दिसली पाहिजे. कोणतेही भिंग सूर्याकडे रोखू नये.

२. कॅमेरा टेबलावर स्थिर ठेवून समोरच्या खिडकीचे गज किंवा फरश्या मोजाव्यात. चित्राच्या रुंदीत जोडभिंगाविना १० फरश्या आणि जोडभिंगासह १४ आल्या, तर गुणक १० ÷ १४ = ०.७१. कडेवरच्या छापील आकड्याशी तो ताडून पाहावा.

३. त्याच चित्राचे चारही कोपरे पाहावेत. काळे असतील, तर कोपरे उजळ होईपर्यंत झूम करून फरश्या पुन्हा मोजाव्यात. आता दहाच दिसल्या, तर ते भिंग आपल्या कॅमेऱ्यासाठी निरुपयोगी आहे, मग आकडा काहीही असो.

करून पाहा

चष्म्याच्या दुकानातून −७ आणि +५ नंबरच्या, न घासलेल्या गोल काचा आणाव्यात. पुठ्ठ्याच्या नळीला आतून काळा कागद लावून त्या ५.७ सें.मी. अंतरावर बसवाव्यात. अंतर्गोल काच दृश्याकडे, बहिर्गोल कॅमेऱ्याकडे. मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे नळी धरून चित्र घ्यावे आणि काळ्या कोपऱ्यांचे वर्तुळ मोजावे. नंतर विद्यार्थ्यांना पुढील प्रश्न द्यावेत.

नळी उलटी धरली तर गुणक किती होईल? भिंगांतील अंतर १ सें.मी.ने वाढवले तर दूरचे झाड कॅमेऱ्याला जवळ भासेल की लांब? जागा न बदलता जोडभिंग लावले, तर पुढच्या व मागच्या रांगेतील मुलांच्या चेहऱ्यांच्या आकारांचे गुणोत्तर बदलते का? शेवटच्या प्रश्नावर बहुतेक जण ‘हो’ म्हणतील. दोन्ही चित्रांवर पट्टी ठेवून चेहरे मोजले, म्हणजे हे गुणोत्तर भिंगावर नव्हे, तर आपण कोठे उभे आहोत यावर ठरते, हे त्यांचे त्यांनाच कळेल.